मुलाखतीत गप्प होणारा टेस्टर

प्रश्न : मुलगा स्वमग्न आहे. सॉफ्टवेअर टेस्टिंग उत्तम करतो, पण मुलाखतीत गप्प होतो. काय करावं? – एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) नसेल तर आधी काढा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचाही समावेश आहे. खासगी कंपनीलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. ते मागून घ्या. प्रश्न आधी लेखी मिळावेत, प्रत्यक्ष काम देऊन पारख व्हावी, असं अर्जातच लिहा. एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीने 2013मध्ये स्वमग्न उमेदवारांसाठी खास भरती सुरू केली, बेंगळुरूतही. नजरेला नजर भिडवतो का, यावरून टेस्टर निवडणं मला साफ चुकीचं वाटतं. नोकरी अंधेरीला असेल आणि घाटकोपरला लोकल सोडून मेट्रोने जाताना गर्दी सोसत नसेल, तर वेगळी वेळ किंवा घरून काम निःसंकोच मागा.