मातीच्या पोटातील पाणी

पावसाळा सरत आल्यावर पेरणी करावयाची, ही गोष्ट कोकणातील शेतकऱ्यास विलक्षण वाटेल. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे, मोहोळ या भागांत मात्र पिढ्यान्‌पिढ्या हाच परिपाठ आहे. येथे वर्षाकाठी सुमारे ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात येतो. तोवर रान मोकळे ठेवून कुळवाच्या पाळ्या घालतात आणि उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या सुमारास ज्वारी पेरतात. पुढे माघ-फाल्गुनात काढणी होईपर्यंत पाऊस जवळजवळ नसतोच. मग पीक पाणी पिते कोठून?

दख्खनच्या अग्निजन्य खडकापासून झालेल्या काळ्या मातीत अतिसूक्ष्म कण विपुल असतात. अशी एक मीटर खोल जमीन पिकाच्या उपयोगी पडणारे सुमारे १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. ज्वारीची मुळे ओलाव्याचा माग काढीत खाली उतरतात; पानांवर मेणासारखा लेप असतो, व ताण पडताच पाने गुंडाळली जाऊन बाष्प कमी उडते.

परंतु ही माती सुकली की भेगाळते. भेगांतून ओल उडते आणि मुळेही तुटतात. म्हणून कोळपे चालवून वरचा थर भुसभुशीत ठेवावयाचा व भेगा बुजवावयाच्या. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे शेतकरी म्हणतात, ते याच अनुभवावरून. कोळपणी ही केवळ तण काढण्याची क्रिया आहे, असे समजणारे पुस्तकी पंडित येथे फसतात.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात राहणाऱ्या होपी लोकांनी हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. त्यांच्या भागात पाऊस व बर्फ मिळून पाणी सोलापूरच्या निम्म्याच्या आसपास असते, आणि जमीन वालुकामय. वरची कोरडी वाळू खालच्या ओलीवर पांघरुणासारखी राहते. आपल्याकडे कोळप्याने जे साधावे लागते, ते तेथे वाळू आपोआप साधते. होपी शेतकरी काठीने सुमारे एक फूट खोल खड्डा करून मका टोकतात, व दोन ठोंबांत कित्येक फुटांचे अंतर ठेवतात. इतक्या खोलीवरून उगवणारा त्यांच्या मक्याचा लांब कोंब जी. एन. कॉलिन्स या शास्त्रज्ञाने १९१४ साली वर्णिला. आपल्या चिकट मातीत एवढे खोल बी वर येणे कठीण. येथे पाभरीने बी दोन-तीन इंचांवर पडते, आणि मूळ पाण्याकडे जाते.

सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात १९३३ पासून या ओलीचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून निवडलेले ‘मालदांडी ३५-१’ हे वाण आजही शेतकरी भाकरीसाठी आणि कडब्यासाठी पेरतात.

या पद्धतीस मर्यादा आहेतच. मुरमाड माळावर, जेथे माती वीतभरच असते, तेथे साठवण्यास जागाच नाही. १९७२ साली पाऊसच इतका कमी पडला की खोल रानेही भरली नाहीत. तेव्हा धान्याइतकीच कडब्याची टंचाई जाणवली.