मुलाखत मोबाईलवर आहे? घाबरू नका, तयारी करा

मागच्या महिन्यात प्रभाग संघाची बैठक संपल्यावर एका गटाच्या सचिव ताई मागे थांबल्या. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नोंदणीच्या कामासाठी त्यांनी अर्ज केला होता. म्हणाल्या, "मॅडम, मुलाखत आहे, पण तिकडे यायचं नाही म्हणतात. व्हिडिओ कॉलवरच घेणार. मला जमंल का?"

मी म्हटलं, चला, आत्ताच करून बघू. मी पलीकडच्या खोलीत गेले आणि त्यांना व्हिडिओ कॉल लावला. पहिला प्रश्न विचारला, "आतापर्यंत काय काम केलंय?" ताई पटकन बोलल्या, "काही नाही, घरीच असते."

सहा वर्षं गटाचा पै-पैचा हिशोब ठेवणारी बाई म्हणते, काही नाही! ताईंनो, फोनची तयारी एका दिवसात होते. आपण काय करतो ते सांगायची सवय मात्र आधीपासून करावी लागते. म्हणून आजचा पाठ दोन्ही गोष्टींचा.

आधी आपलं काम सांगायला शिका

आपली पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. मुलाखतीत हीच कामाला येते. बैठक घेता, म्हणजे तुम्हाला माणसं जमवता येतात, इतिवृत्त लिहिता येतं. कर्ज कुणाला आधी द्यायचं यावर वाद झाला तर तो मिटवता. थकलेला हप्ता गोडीनं वसूल करता. हे सगळं कामच आहे.

ते आकड्यात सांगा. त्या ताईंचं उत्तर आम्ही दोघींनी मिळून असं बसवलं:

"मी बारावी झाले आहे. सहा वर्षं बचत गटाची सचिव आहे. गटात आम्ही 11 जणी आहोत. प्रत्येकीची महिन्याला 200 रुपये बचत, म्हणजे 2,200 रुपये जमा होतात. ते मी त्याच दिवशी वहीत लिहिते. कर्जाचे हप्ते आणि व्याज यांचा हिशोब ठेवते. बँकेचं पासबुक भरून आणते आणि आमच्या वहीशी जुळवून बघते."

यात एकही शब्द खोटा नाही, फुगवलेला नाही. दवाखान्यात नोंदी ठेवायच्या असतात, आणि ताई नोंदीच ठेवतात. तुमचं काम वेगळं असेल तर उत्तर वेगळं होईल. ते कागदावर लिहा, पण पाठ करू नका. घरात कुणाला तरी चार वेळा सांगा, म्हणजे तोंडात बसेल.

एखादी गोष्ट येत नसेल तर "येत नाही, पण शिकेन" असं सरळ सांगा. मुलाखत कोणत्या भाषेत आहे तेही आधीच विचारून घ्या. मराठीत बोललं तर चालेल का, हे विचारण्यात कमीपणा नाही.

आता फोनची तयारी

माझीच फजिती सांगते. शिक्षण झाल्यावर माझी पहिली मुलाखत अशीच फोनवर होती. मी उघड्या दाराकडे पाठ करून बसले. पलीकडचे म्हणाले, "तुमचा चेहराच दिसत नाही." मी फोन हातात धरून खोलीभर जागा शोधत फिरले, आणि तेवढ्यात डेटा संपला. ते काम काही मिळालं नाही. तेव्हापासून मी या गोष्टी आदल्या दिवशीच बघते:

1. लिंक कोणत्या ॲपची आहे ते बघा. गूगल मीट किंवा झूम असेल तर ॲप आधीच घेऊन ठेवा. कॅमेरा आणि माइकची परवानगी मागितली की द्या. एकदा मैत्रिणीबरोबर कॉल करून बघा.

2. फोन मुलाचा किंवा मालकांचा असेल तर पलीकडे त्यांचंच नाव दिसू शकतं. तुमचं नाव आधी टाकून घ्या. त्या वेळेपुरता फोन मला लागणार आहे, हेही घरात सांगून ठेवा.

3. उजेड तोंडावर हवा, पाठीमागे नको. खिडकीकडे तोंड करून बसा. फोन हातात धरू नका. दोन डबे एकावर एक ठेवून त्याला टेकवा, म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर येईल.

4. घरात रेंज नसेल तर शाळा, ग्रामपंचायत किंवा संघाचं कार्यालय बघा. ज्या वेळेला मुलाखत आहे त्याच वेळेला आदल्या दिवशी जाऊन रेंज तपासा. पावसाळ्यात पत्र्याखाली बसू नका, सरीच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

5. विजेचा भरवसा नाही, म्हणून फोन सकाळीच पूर्ण चार्ज करा. डेटा शिल्लक ठेवा. वायरचा हेडफोन असेल तर आवाज स्वच्छ जातो.

6. ज्यांनी बोलावलं त्यांचा नंबर कागदावर लिहून जवळ ठेवा. कॉल तुटला तर रडकुंडीला येऊ नका. पुन्हा जोडा. नाही जुळलं तर फोन करून सांगा. आवाज तुटत असेल तर "माझा व्हिडिओ बंद केला तर चालेल का?" असं विचारा.

दहा मिनिटं आधी बसा. साधी नेहमीची साडी किंवा ड्रेस चालतो. बोलताना स्वतःच्या चित्राकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघा. त्यांचं वाक्य पूर्ण होऊ द्या, मग बोला. शेवटी "काही विचारायचं आहे का?" म्हणतात, तेव्हा गप्प बसू नका. पगार, कामाची वेळ, सुट्टी, जायची-यायची सोय हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

सावध राहा

नोकरीच्या नावाखाली फसवणूकही होते. नोंदणी फी, गणवेशाचे पैसे, अनामत असं काही मागितलं तर एक रुपयाही पाठवू नका. ओटीपी किंवा पिन सांगू नका, आणि कुणी म्हटलं म्हणून फोनची स्क्रीन दाखवू नका. कॉलवर कुणी नको ते बोललं तर सरळ कॉल बंद करा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

पुढच्या बैठकीत हे करा

दोघी-दोघींची जोडी करा. एक मुलाखत घेणारी, दुसरी देणारी. प्रश्न एकच: "तुम्ही काय काम करता?" उत्तरात निदान दोन आकडे आले पाहिजेत, आणि "काही नाही" हे शब्द येता कामा नयेत. गटातल्या मुलींना आणि सुनांनाही बोलवा.

त्या सचिव ताईंची मुलाखत झाली. निकाल अजून यायचा आहे. पण मुलाखत संपल्यावर त्यांनी मला फोन केला तो हे सांगायला, "मॅडम, काय काम केलं विचारलं, तर मी इतकं सांगितलं की त्यांनीच मला थांबवलं."

तुमची क्षेत्र समन्वयक