काचेचा तंतू आणि विजेची तार : दुर्गम गावांच्या जोडणीचे अर्थकारण

ग्रामीण दूरसंचाराची चर्चा बहुधा दोन आकड्यांभोवती फिरते : किती किलोमीटर केबल टाकली आणि किती ग्रामपंचायती जोडल्या. हे आकडे महत्त्वाचे आहेतच; परंतु केबलच्या टोकाशी बसविलेले उपकरण दिवसातील किती तास चालू असते, हा तिसरा आकडा सेवेच्या दृष्टीने अधिक निर्णायक आहे. निवृत्तिवेतन, सातबारा, शिधावाटप यांसारख्या सेवा जाळ्यावर अवलंबून राहू लागल्यापासून उपकरण बंद पडणे म्हणजे गरीब कुटुंबाची एक खेप आणि एका दिवसाची मजुरी वाया जाणे होय. या प्रश्नाचे तांत्रिक मूळ आणि त्याची आर्थिक बाजू यांचा विचार प्रस्तुत लेखात जबलपूरच्या संदर्भात केला आहे.

दोन प्रवाहांची फारकत

जुन्या दूरध्वनी व्यवस्थेत तांब्याच्या एकाच जोडतारेतून आवाज आणि वीज या दोन्ही गोष्टी ग्राहकापर्यंत पोचत. दूरध्वनी केंद्रातील ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या घरातील यंत्राला वीज पुरवीत; म्हणून गावातील दिवे गेले तरी दूरध्वनी चालू राही. प्रकाशीय तंतूने माहिती वाहून नेण्याची क्षमता अनेक पटींनी वाढविली. पण काच वीजवाहक नसल्यामुळे विजेची व्यवस्था टोकाच्या ठिकाणी वेगळी करावी लागली. वीज पुरविण्याची जबाबदारी अशा रीतीने केंद्राकडून गावाकडे सरकली. या स्थलांतराची पुरेशी नोंद नियोजनाने सुरुवातीला घेतली नाही.

ग्रामपंचायतींसाठी वापरलेल्या निष्क्रिय प्रकाशीय जाळ्यात गटाच्या ठिकाणाहून निघालेला संदेश सुमारे २० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो आणि वाटेतील विभाजकाला वीज लागत नाही. मधला मार्ग विजेविना चालतो. शेवटच्या उपकरणाला मात्र वीज हवीच.

तारेचे गणित

केबलबरोबर वीजही दूरवरून का पाठवू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर तारेच्या रोधात आहे. १.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम, म्हणजे जाणारी व येणारी तार मिळून २४ ओहम भरतो. अशा तारेवरून ४८ व्होल्ट दाबाने एक किलोमीटर अंतरावरील २० वॅटचे उपकरण चालविल्यास टोकाला सुमारे ३४ व्होल्टच उरतात आणि साडेआठ वॅट वीज तारेतच उष्णतेच्या रूपाने नष्ट होते. अंतर दोन किलोमीटर केल्यास त्या तारेतून १२ वॅटहून अधिक शक्ती पोचूच शकत नाही. म्हणजे उपकरण चालणारच नाही. हेच उपकरण २३० व्होल्टवर चालविल्यास एक किलोमीटरमागील नाश पाव वॅटहूनही कमी असतो. दाब वाढविला की नाश घटतो. मात्र सुरक्षिततेचा खर्च वाढतो. समुद्रतळावरील केबलमध्ये संदेशवर्धकांना वीज पुरविण्यासाठी हजारो व्होल्टचा दाब वापरतात, तो याच कारणाने.

संगणकीय जाळ्याच्या तांब्याच्या केबलमधून माहितीबरोबर वीज देण्याचे प्रमाणित तंत्रही उपलब्ध आहे. २००३ च्या मानकात उगमाशी सुमारे १५ वॅट देण्याची सोय होती. २०१८ च्या मानकात ती ९० वॅटपर्यंत वाढली. परंतु अंतराची मर्यादा १०० मीटरच राहिली. इमारतीच्या आवारात हे तंत्र उत्तम, वाडीवस्तीसाठी अपुरे.

जबलपूर : एक शहर, दोन जाळी

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू जबलपुरात एकत्र दिसतात. दूरसंचार अभियंत्यांना शिक्षण देणारी भारत संचार निगमची भीमराव आंबेडकर प्रशिक्षण संस्था येथे आहे. राज्याच्या वीज पारेषण कंपनीचे मुख्यालय आणि राज्य भारप्रेषण केंद्रही येथेच आहे. वीज क्षेत्राने दूरच्या उपकेंद्रांशी संपर्क साधण्याचा प्रश्न आपल्या परीने फार पूर्वीच सोडविला. प्रथम उच्चदाबाच्या तारांवरूनच उच्च कंप्रतेचे संदेश पाठविले गेले. पुढे मनोऱ्यांच्या माथ्यावरील भूसंपर्क तारेच्या पोटातच प्रकाशीय तंतू बसविण्यात आले. त्यामुळे वीज आणि माहिती एकाच मनोऱ्यावरून जाऊ लागली व वेगळे चर खणण्याची गरज उरली नाही.

जिल्ह्याच्या पूर्वेकडील कुंडमसारख्या आदिवासीबहुल, डोंगराळ विकासखंडात हा धडा विशेष लागू पडतो. कठीण खडकात चर खणणे खर्चिक असते आणि रस्ता रुंदीकरणात जमिनीखालील केबल तुटण्याचा धोका राहतो. विजेच्या खांबांचा संयुक्त वापर केल्यास भांडवली खर्चात बचत होऊ शकते. त्यासाठी भाडे, दुरुस्ती आणि अपघाताची जबाबदारी यांविषयी दोन्ही यंत्रणांत स्पष्ट करार हवा.

फीडरचा प्रश्न

उपकरणाला वीज मिळते की नाही, हे ते कोणत्या फीडरवर आहे यावर अवलंबून असते. मध्य प्रदेशात २०१३ मध्ये अटल ज्योती अभियानाद्वारे घरगुती ग्राहकांना २४ तास व शेतीला १० तास वीज देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. याचा अर्थ असा की गावठाण फीडरवरील पंचायत कार्यालयातील उपकरण दिवसभर चालू शकते. तेच उपकरण शिवारातील कृषी फीडरवर असेल तर दिवसातील १४ तास बंद राहील. जागा निवडताना हा विचार करण्यास वेगळा खर्च येत नाही.

गुंतवणूक कोठे करावी?

समजा, एखाद्या गावात केबल ९५ टक्के काळ आणि वीज ८० टक्के काळ उपलब्ध आहे. दोन्ही एकाच वेळी लागत असल्याने सेवा ७६ टक्के काळच मिळेल. केबलची उपलब्धता ९९ टक्क्यांवर नेली तरी सेवा ७९ टक्क्यांवरच थांबते. पण विजेची ९५ टक्क्यांवर नेल्यास ती ९० टक्क्यांवर पोचते. पूरक वस्तूंच्या बाबतीत पुढचा रुपया दुर्बल कडीवर खर्च करणे श्रेयस्कर, हा अर्थशास्त्राचा साधा नियम येथे लागू होतो.

हा खर्च मोठा नाही. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरली तरी २० वॅटचे उपकरण सुमारे एक अहोरात्र चालते. मात्र काही वर्षांनी ती बदलावी लागते. केबल टाकणे ही भांडवली बाब असल्याने तिच्यासाठी निधी मिळतो. बॅटरी, वीजबिल आणि देखभाल या आवर्ती बाबी असल्याने त्या कोणाच्याच खात्यावर पडत नाहीत. खरी अडचण ही आहे.

धोरणाची दिशा

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना जोडण्याचा प्रकल्प मंजूर केला. पुढे तो भारतनेट या नावाने ओळखला जाऊ लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार जाळे, पुरेशी पर्यायी वीजव्यवस्था आणि दहा वर्षांची देखभाल यांचा समावेश आहे. हा बदल स्वागतार्ह आहे. त्याला तीन गोष्टींची जोड द्यावी लागेल : उपकरणाच्या चालू तासांची पंचायतीत जाहीर नोंद, वीजबिल व बॅटरीसाठी नियत तरतूद, आणि वीज व दूरसंचार यंत्रणांचे जिल्हा स्तरावर संयुक्त नियोजन. मेळघाट वा गडचिरोलीतील गावांनाही हीच त्रिसूत्री उपयुक्त ठरेल. जोडलेल्या गावांची संख्या हे योजनेचे साधन आहे. गावकऱ्याचे काम पहिल्याच खेपेत होणे, हे तिचे साध्य.