पाणी ९८ अंशांनाच उकळलं, मग वहीत १०० कुठून आलं?

पदार्थाच्या अवस्था हा धडा आपल्याला सोपा वाटतो. स्थायू, द्रव, वायू. बर्फ, पाणी, वाफ. दोन तासिकांत संपतो, मुलं व्याख्या पाठ करतात, पेपरात गुणही मिळतात. माझीही बरीच वर्षं अशीच गेली. एकदा सातवीच्या वर्गात पाणी उकळण्याचा प्रयोग घेतला, तेव्हा मात्र वह्या तपासताना मी अडखळलो.

आमचा भाग पुण्याच्या उंचीवरचा. गटागटाने मुलांनी चंचुपात्रात पाणी तापवलं, दर मिनिटाला तापमापी वाचली. पारा ९८ च्या आसपास थांबला. वह्यांमध्ये मात्र सगळीकडे शेवटची नोंद १०० अंश सेल्सिअस! एका मुलीच्या वहीत ९८ खोडून वर १०० लिहिलेलं स्पष्ट दिसत होतं. विचारलं तर म्हणाली, “सर, आमचं चुकलं होतं. पुस्तकात १०० आहे ना.”

चुकलं तिचं नव्हतं. मीच कधी सांगितलं नव्हतं की पुस्तकातला १०० हा आकडा समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबासाठी आहे.

पाणी १०० च्या आधीच का उकळतं?

पाणी तापतं तसे त्याचे कण जास्त जोराने हालचाल करतात. पृष्ठभागावरचे काही कण निसटून हवेत जातात, ते बाष्पीभवन. ते कोणत्याही तापमानाला चालू असतं, म्हणून तर दोरीवरचे कपडे वाळतात. उकळणं वेगळं. त्यात पाण्याच्या आतच वाफेचे बुडबुडे तयार होतात. हे बुडबुडे टिकायचे तर आतल्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका व्हावा लागतो. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळतं.

ढोबळ हिशेब असा, की दर ३०० मीटर वर चढलं की उत्कलनांक साधारण १ अंशाने उतरतो. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे जवळजवळ १००. पुणे सुमारे ५६० मीटरवर, तिथे ९८. महाबळेश्वरला साधारण साडेपंच्याण्णव, लेहला ८८ च्या आसपास. प्रेशर कुकरमध्ये याच्या उलट. आतला दाब वाढतो, पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं आणि डाळ लवकर शिजते.

सेल्सिअस या शास्त्रज्ञाने १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली, तेव्हाच त्याला हे ठाऊक होतं, की उत्कलनांक हवेच्या दाबाप्रमाणे बदलतो. म्हणजे ज्याच्या नावाने आपण अंश मोजतो, त्याने त्या मुलीचं ९८ बिनतक्रार मान्य केलं असतं.

पारा थांबतो, मग उष्णता जाते कुठे?

याच प्रयोगात दुसरी गोष्ट दडलेली आहे. पाणी उकळायला लागलं की पारा एकाच जागी थांबतो. खाली दिवा चालू, वर पारा हलत नाही. “सर, तापमापी बिघडली,” असं एखादं मूल म्हणतंच. लगेच उत्तर देऊ नका. विचारा, “मग दिव्याची उष्णता कुठे जातेय?”

ही उष्णता कणांना एकमेकांपासून सोडवण्यात खर्च होते. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, ती पकड सोडवल्याशिवाय वाफ होत नाही. जोवर पाणी शिल्लक आहे, तोवर येणारी उष्णता याच कामाला जाते, म्हणून तापमान वाढत नाही. बर्फ वितळतानाही तसंच होतं. सगळा बर्फ वितळेपर्यंत पारा ० वरच राहतो. या दडलेल्या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे दाखवून दिलं. दहावीला मुलांना याचं गणित येतं, पण पारा थांबलेला त्यांनी आधीच डोळ्यांनी पाहिलेला असेल, तर ते गणित जड जात नाही.

आकडे बोलके आहेत:

- १ ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी
- १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला १ कॅलरी
- १ ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला ५४० कॅलरी

म्हणजे २० अंशांचं १०० ग्रॅम पाणी १०० अंशांपर्यंत न्यायला ८००० कॅलरी, आणि तेच पूर्ण आटवायला ५४,००० कॅलरी. पावणेसात पट! पाणी उकळायला ५ मिनिटं लागली, तर त्याच आचेवर ते आटायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागेल.

पालकांसाठी

हे स्वयंपाकघरात रोज दिसतं. बटाटे उकळायला ठेवले, पाण्याला उकळी फुटली, की गॅस मोठा ठेवून काही फायदा नाही. पाणी त्याहून गरम होणार नाही, फक्त लवकर आटेल. उकळी टिकेल इतकाच गॅस ठेवा, बटाटे तेवढ्याच वेळात शिजतात. मुलांना दोन्ही प्रकारे करून बघू द्या, अर्थात तुम्ही शेजारी उभे राहून.

वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा जास्त का भाजतो, तेही इथेच कळतं. वाफेचं हातावर पाणी होताना दर ग्रॅममागे ती ५४० कॅलरी कातडीला देते. इडलीपात्राचं झाकण आपल्यापासून लांबच्या बाजूने का उघडायचं, हे सांगायला यापेक्षा चांगली वेळ नाही.

वर्गात घेताना

साहित्य: चंचुपात्र, ११० अंशांपर्यंतची प्रयोगशाळेतली तापमापी, तिवई, जाळी, स्पिरिटचा दिवा, बर्फ, घड्याळ. ताप मोजायची घरातली तापमापी चुकूनही वापरू नका, ती फुटेल.

१. आधी कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून तापमापी तपासा. ० दाखवायला हवी. १ दाखवली, तर तापमापीतच १ अंशाचा फरक आहे, तो नोंदवून ठेवा.

२. बर्फाचं पात्र मंद आचेवर ठेवा आणि काचेच्या कांडीने ढवळत राहा. तापमापीचा फुगा तळाला टेकू देऊ नका. दर मिनिटाला वाचन घ्या.

३. पाणी उकळू लागल्यावरही ५ मिनिटं नोंदी चालू ठेवा. इथेच आपण घाईने दिवा विझवतो आणि खरी गंमत हुकते.

४. वेळ आणि तापमानाचा आलेख काढा. त्यात दोन सपाट भाग दिसतील. तिथे काय घडत होतं, ते मुलांनाच सांगू द्या.

एक प्रश्न जरूर विचारा: उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असतं? बरीच मुलं ‘हवा’ म्हणतात. सुरुवातीला दिसणारे बारीक बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात, हे खरं. पण उकळी फुटल्यावरचे मोठे बुडबुडे पाण्याच्या वाफेचे असतात. हवा असती तर ती थोड्या वेळात संपली असती, बुडबुडे मात्र शेवटपर्यंत येत राहतात. आणि पात्रावर पांढरं दिसतं ती वाफ नव्हे. वाफ दिसत नाही. ते तिचं थंड होऊन झालेलं पाणी, बारीक थेंबांच्या रूपात.

आता मी गुण देताना एक गोष्ट पाळतो. ९८ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण. १०० लिहिणाऱ्याला विचारतो, “तुझी तापमापी दाखव.” आपण दिसलं ते लिहायला शिकवलं नाही, तर मूल पुस्तकातलं उत्तर लिहून मोकळं होतं, आणि ९८ का आलं हा प्रश्न त्याला कधी पडतच नाही.

तुमच्या गावात पाणी किती अंशांना उकळतं? उद्याच मुलांना मोजायला लावा. आणि आकडा काहीही आला, तरी खोडू देऊ नका.