चित्राला धक्का न लावता चॅप्टर आणि आवाज

या वेळची बहुतेक पत्रं कामठी, कन्हान, येरखेडा या पट्ट्यातली आहेत आणि दुखणंही जवळपास सारखंच आहे. लग्नं, जयंत्या, भाषणं डीव्हीडी-व्हीसीडीवरून संगणकात आली. आता हवा तो प्रसंग सापडत नाही, नाहीतर आवाजच येत नाही. आधी एक लक्षात घ्या. व्हिडिओची फाइल म्हणजे कप्प्यांचा डबा असतो: एका कप्प्यात चित्र, दुसऱ्यात आवाज, तिसऱ्यात चॅप्टरच्या खुणा. एक कप्पा बदलायला बाकीचे रिकामे करावे लागत नाहीत.

शंका : बहिणीच्या लग्नाच्या डीव्हीडीची मी तीन तासांची एकच एमपी-फोर फाइल करून घेतली. डीव्हीडीवर रिमोटचं बटण दाबलं की थेट पुष्पहारावर जाता यायचं. आता सरकवत बसावं लागतं. चॅप्टर परत कसे आणायचे? – एक वाचक, जुनी कामठी

समाधान : डीव्हीडी अजून चालत असेल तर नव्याने खुणा करत बसू नका. डीव्हीडीवर चित्र आणि आवाज 'व्हीओबी' फाइलींत असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या. चॅप्टर कुठे सुरू होतात याची नोंद मात्र वेगळ्या 'आयएफओ' फाइलीत असते. नुसत्या व्हीओबी उचलून जोडल्या की खुणा मागेच राहतात. तुमचं बहुधा हेच झालं आहे. 'मेकएमकेव्ही' हा प्रोग्रॅम दोन्ही वाचतो आणि चॅप्टरसकट एमकेव्ही फाइल देतो, तीही चित्र जसंच्या तसं ठेवून.

डीव्हीडी खराब झाली असेल तर 'एमकेव्हीटूलनिक्स' हा मोफत प्रोग्रॅम घ्या. त्यात एमपी-फोर टाकून आधी एमकेव्ही करा. फाइल कॉपी व्हायला लागतो तेवढाच वेळ लागेल. मग चॅप्टर एडिटरमध्ये ती उघडून वेळ आणि नाव भरा. शून्य तास, शून्य मिनिटं, शून्य सेकंदांना 'वरात', एक्केचाळिसाव्या मिनिटाला 'त्रिशरण-पंचशील', त्यापुढे 'पुष्पहार', 'आशीर्वाद' अशी. पहिली खूण शून्यावर ठेवा, म्हणजे सुरुवातीचा भाग बेनाव राहत नाही. नावं मराठीत खुशाल लिहा, पण वेळेचे आकडे इंग्रजी अंकांतच टाका. देवनागरी आकडे वेळेच्या रकान्यात चालत नाहीत. यादी नोटपॅडमध्ये करून ठेवणार असाल तर ती यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर 'पुष्पहार'च्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील.

टीव्हीला पेन ड्राइव्ह लावल्यावर चॅप्टर दिसतीलच असं नाही. बरेच टीव्ही ते दाखवत नाहीत. संगणकावर आणि मोबाइलवर व्हीएलसीमध्ये दिसतात. यूट्यूबवर टाकणार असाल तर वर्णनात वेळांची यादी द्या: सुरुवात शून्यापासून, किमान तीन वेळा, आणि प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा.

शंका : चॅप्टर टाकले, पण उडी मारली की पाच-सात सेकंद आधीचं दिसतं. वेळ तर बरोबर टाकली आहे. – एक वाचक, कन्हान

समाधान : तुमची वेळ बरोबरच आहे. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. अधूनमधून एक पूर्ण चित्र असतं, त्याला कीफ्रेम म्हणतात. मधल्या चित्रांत फक्त फरक नोंदवलेला असतो. काही प्लेअर उडी मारताना मागच्या कीफ्रेमवर जाऊन थांबतात. डीव्हीडीत कीफ्रेम साधारण दर अर्ध्या सेकंदाला येते, म्हणून तिथे हे जाणवत नाही. एमपी-फोरमध्ये दोन कीफ्रेममध्ये २५० चित्रांपर्यंत अंतर असू शकतं, म्हणजे सेकंदाला २५ चित्रांच्या हिशेबाने १० सेकंद. 'लॉसलेसकट'मध्ये कीफ्रेमवरून कीफ्रेमवर जाता येतं. प्रसंगाच्या लगेच आधीची कीफ्रेम शोधा आणि तिचीच वेळ चॅप्टरला द्या.

शंका : ड्रॅगन पॅलेसच्या कार्यक्रमाचं हँडीकॅमवरचं चित्रीकरण मोबाइलवर घेतलं. चित्र दिसतं, आवाज नाही. दुकानदार म्हणतो, सगळं कन्व्हर्ट करावं लागेल, रात्रभर मशीन चालेल. – एक वाचक, येरखेडा

समाधान : रात्रभराची गरज नाही. हँडीकॅमच्या 'एमटीएस' फाइलीत आवाज बहुधा एसी-थ्री म्हणजे डॉल्बी डिजिटल असतो आणि अनेक मोबाइलांच्या गॅलरीला तो वाचता येत नाही. तीच फाइल मोबाइलवरच्या व्हीएलसीत लावून पाहा. तिथे आवाज आला तर फाइल धडधाकट आहे. मग 'एव्हिडेमक्स'मध्ये चित्रासाठी 'कॉपी', आवाजासाठी 'एएसी' आणि फाइलीसाठी 'एमपी-फोर' निवडून जतन करा. काम मिनिटांत होतं आणि चित्राचा दर्जा तसूभरही कमी होत नाही. 'हँडब्रेक' चांगला प्रोग्रॅम आहे, पण तो चित्र दरवेळी नव्याने बनवतो. या कामासाठी तो नको.

गाणी-वाजंत्री असेल तर एएसी आवाजाचा बिटरेट १६० ते १९२ केबीपीएस पुरे. १६० ला तासाचा आवाज साधारण ७२ एमबी होतो. आकडा ३२० केला म्हणून मूळ रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं ते ऐकू येणार नाही.

शंका : बाबू हरदास जयंतीच्या भाषणांची जुनी व्हीसीडी फाइल करून घेतली. आवाज फक्त डाव्या कानात येतो, शिवाय ओठांशी जुळत नाही. – एक वाचक, रनाळा

समाधान : ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकच माइक कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला जोडलेला असला की असं होतं. एव्हिडेमक्सच्या ऑडिओ फिल्टरमधल्या मिक्सरमध्ये 'मोनो' निवडा; आवाज दोन्ही कानांत येईल. थोडा बारीक झाला तर तिथेच वाढवता येतो.

ओठांसाठी आधी सुरुवात आणि शेवट तपासा. फरक दोन्हीकडे सारखाच असेल तर एमकेव्हीटूलनिक्समध्ये आवाजाच्या ट्रॅकला तेवढे मिलिसेकंद 'डिले' द्या. आवाज आधी येत असेल तर अधिक, मागून येत असेल तर उणे. फरक वाढत जात असेल आणि वक्त्यांचा आवाजही बारीक, घाईचा वाटत असेल, तर व्हीसीडीचा ४४,१०० हर्ट्झचा आवाज ४८,००० समजून वाजतो आहे. तसं झालं की तासाभराचं भाषण ५५ मिनिटं ७ सेकंदांत संपतं. इथे डिले कामाचा नाही. व्हीसीडीवरून आवाज पुन्हा, योग्य दराने घ्यावा लागेल.

सगळ्यांसाठी एकच क्रम सांगतो: आधी आवाज, मग चॅप्टर. आवाज बदलताना नवी फाइल बनते आणि आधी टाकलेले चॅप्टर बऱ्याचदा गळतात. आणि नवी फाइल शेवटपर्यंत चालवून पाहिल्याशिवाय मूळ फाइल किंवा डिस्क काढून टाकू नका.