जाकिटाचे नाव नव्हे, कापड पाहा
पावसाळी जाकिटांची कस्टममधील वर्गवारी : एक अभ्यास

पावसाळ्याच्या तोंडावर गिरगाव, चिराबाजार, ठाकूरद्वारपासून क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीटपर्यंतच्या दुकानांत परदेशी बनावटीची पावसाळी जाकिटे टांगलेली दिसतात. आपले अनेक बांधव हा माल दुसऱ्या आयातदाराकडून घेतात. काही जण आता स्वतःच्या नावावर आयात परवाना क्रमांक घेऊन थेट माल मागवू लागले आहेत. ही चांगली गोष्ट आहे. परंतु स्वतः आयातदार झाल्यावर मालाची वर्गवारी बरोबर लावण्याची जबाबदारीही आपल्याच अंगावर येते. ८ एप्रिल २०११ पासून सीमाशुल्क कायद्यात स्वयं-आकारणीची पद्धत आली. बिल ऑफ एंट्रीवर हेडिंग आणि ड्युटी आपणच दाखवायची असते. एजंट केवळ आपल्या वतीने कागद भरतो.

पावसाळी जाकिटाच्या बाबतीत हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. एकाच खुंटीला टांगलेली, एकाच रंगाची चार जाकिटे चार वेगवेगळ्या हेडिंगखाली जाऊ शकतात. म्हणून आज आपण हा विषय पायरीपायरीने पाहू.

आकड्यांची भाषा

जगातील बहुतेक देश मालाच्या वर्गवारीसाठी एकच आंतरराष्ट्रीय पद्धत वापरतात. आपल्या देशाने ती २८ फेब्रुवारी १९८६ पासून स्वीकारली. पहिले दोन आकडे चॅप्टरचे, चार आकड्यांचे हेडिंग आणि सहा आकड्यांचे उपहेडिंग. हे सहा आकडे सर्वत्र सारखे असतात. त्यापुढचे आकडे प्रत्येक देश आपापल्या सोयीने लावतो. आपल्याकडे एकूण आठ आकडे असतात, तर अमेरिकेत दहा.

येथेच पहिली ठेच लागते. चीनमधील पुरवठादार पुष्कळदा अमेरिकेच्या गिऱ्हाइकासाठी तयार केलेलाच क्रमांक आणि वर्णन आपल्या इनव्हॉइसवर छापतो. अमेरिकेच्या टॅरिफमध्ये ‘वॉटर रेझिस्टंट’ या शब्दाची खास व्याख्या आहे. सहाशे मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब दोन मिनिटे दिला, तर एक ग्रॅमपेक्षा जास्त पाणी आत झिरपता कामा नये, आणि हा गुण रबर किंवा प्लास्टिकच्या थरामुळे आलेला असावा, अशी ती अट आहे. तेथे या कसोटीवर ड्युटीत मोठा फरक पडतो. आपल्या टॅरिफमध्ये अशी पाण्याच्या दाबाची कसोटी नाही. त्यामुळे इनव्हॉइसवर ‘वॉटर रेझिस्टंट जॅकेट’ एवढेच लिहिलेले असेल, तर आपल्या कस्टमच्या दृष्टीने त्यातून निर्णायक असे काहीच कळत नाही.

पहिला प्रश्न : होजिअरी की ताण्याबाण्याचे?

मालेगाव-भिवंडीच्या मागावर आयुष्य काढलेल्या आपल्या मोमीन बांधवांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. ताणा आणि बाणा घालून मागावर विणलेले कापड वेगळे आणि एका धाग्याच्या फासात दुसरा फास गुंतवून केलेले होजिअरीचे कापड वेगळे. होजिअरीच्या कापडाचे कपडे चॅप्टर ६१ मध्ये जातात आणि मागावरच्या कापडाचे चॅप्टर ६२ मध्ये. बाहेरचे कापड होजिअरीचे असून आत पातळ प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेली मऊ जाकिटे हल्ली बरीच येतात. ती पाहताच चॅप्टर ६२ धरून चालू नये.

दुसरा प्रश्न : थर डोळ्यांना दिसतो का?

हा या विषयाचा गाभा आहे. कापड पाणी अडवते ते दोन प्रकारे. एका प्रकारात कापडाला रसायनाचा हात दिलेला असतो. पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळून जातात, पण कापडावर वेगळा थर दिसत नाही. दुसऱ्या प्रकारात कापडाच्या एका बाजूला प्लास्टिकचा किंवा रबराचा थर बसवलेला असतो अथवा पापुद्रा चिकटवलेला असतो.

चॅप्टर ५९ च्या टिपेनुसार प्लास्टिकचा थर नुसत्या डोळ्यांनी दिसत असेल, तरच ते कापड हेडिंग ५९०३ मधील ‘थर दिलेले कापड’ ठरते. थरामुळे कापडाचा रंग बदलला एवढे पुरेसे नाही. रबराच्या कापडाचे हेडिंग ५९०६ आहे. पापुद्रा चिकटवलेल्या कापडाबाबत २०२२ च्या आवृत्तीत खुलासा झाला आहे. कापडाचे आणि प्लास्टिकच्या पापुद्र्याचे थर एकत्र जोडलेले असतील, तर काप घेतल्यावर पापुद्रा डोळ्यांना दिसो वा न दिसो, ते जोडकापडच मानायचे.

आता जाकिटाकडे वळू. मागावरच्या, डोळ्यांना दिसेल असा थर दिलेल्या किंवा पापुद्रा जोडलेल्या कापडाचे जाकीट हेडिंग ६२१० मध्ये जाते. तेच कापड होजिअरीचे असेल तर हेडिंग ६११३. थर दिसत नसेल, नुसता रसायनाचा हात असेल, तर पुरुषांचे विंडचीटर ६२०१ आणि स्त्रियांचे ६२०२ मध्ये जाते. होजिअरीत हीच हेडिंगे अनुक्रमे ६१०१ आणि ६१०२ होतात. एखादे जाकीट ६२०१ मध्येही बसते आणि ६२१० मध्येही बसते असे वाटले, तर टॅरिफनेच उत्तर दिले आहे : ६२१० धरावे. अपवाद फक्त तान्ह्या मुलांच्या कपड्यांचा. ८६ सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या बाळांचे कपडे ६२०९ मध्येच राहतात.

ज्या रेनकोटात कापडच नाही, नुसते प्लास्टिकचे पान कापून जोडलेले आहे, तो कपड्यांच्या चॅप्टरमध्ये येतच नाही. तो प्लास्टिकच्या वस्तूंत, ३९२६ मध्ये जातो. कापड दोन्ही बाजूंनी दिसेल अशा प्लास्टिकने पूर्ण झाकले असेल, तर ते कापडही प्लास्टिकच्या चॅप्टरमध्ये सरकते.

तिसरा प्रश्न : स्त्रियांचे की पुरुषांचे?

दुकानात आपण दोघांनाही एकच जाकीट विकतो. टॅरिफ मात्र बटणपट्टी पाहते. समोर डावी बाजू उजवीवर येत असेल तर पुरुषांचे. उजवी बाजू डावीवर येत असेल तर स्त्रियांचे. कपड्याच्या घडणीवरून तो उघडच दुसऱ्यासाठी असल्याचे दिसत असेल तर हा नियम लागत नाही. काहीच ठरवता आले नाही तर स्त्रियांचे धरायचे.

जुनी बिले पाहून नवी भरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १ जानेवारी २०२२ पूर्वी थर दिलेल्या कापडाचे पुरुषांचे विंडचीटर ६२१० ४० या उपहेडिंगखाली जात असे. त्या तारखेपासून ते ६२१० २० खाली आले. स्त्रियांचे तसेच ६२१० ५० वरून ६२१० ३० वर गेले. माल तोच, आकडा बदलला.

पैशांचा हिशेब

२०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सरकारने कापड आणि तयार कपड्यांच्या अनेक कलमांवरील मूळ ड्युटी १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेली. कपड्यांच्या काही कलमांत टक्क्यांसोबत नगामागे ठरावीक रक्कमही दिलेली असते आणि दोहोंपैकी जी जास्त ती घेतली जाते. स्वस्त मालावर ही नगामागची रक्कम टक्क्यापेक्षा भारी पडू शकते. म्हणून दराचा रकाना शेवटपर्यंत वाचावा.

उदाहरणादाखल समजा, हजार जाकिटांची आकारणीची किंमत १० लाख रुपये आहे आणि मूळ दर २० टक्के आहे. मूळ ड्युटी २ लाख. तिच्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार २० हजार. आता १२ लाख २० हजारांवर आयजीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यांना ५ टक्के आणि त्यावरील कपड्यांना १८ टक्के दर झाला. येथे ५ टक्क्यांनी ६१ हजार होतात. एकूण २ लाख ८१ हजार. नोंदणीकृत व्यापाऱ्याला आयजीएसटीची वजावट मिळते. मूळ ड्युटी आणि अधिभार यांची मिळत नाही. ते पैसे मालाच्या किमतीतच घालावे लागतात.

चूक होऊन कमी ड्युटी भरली गेली, तर साधारण प्रकरणात दोन वर्षांपर्यंत आणि हेतुपुरस्सर खोटी माहिती दिल्याचे किंवा ती लपवल्याचे ठरल्यास पाच वर्षांपर्यंत मागणीची नोटीस येऊ शकते. त्यावर सालिना १५ टक्के व्याज. तोवर माल विकून गेलेला असतो आणि गिऱ्हाइकाकडे मागे जाऊन फरक मागता येत नाही. व्याजापासून दूर राहण्यासाठी बँकेचे कर्ज न घेणारा आपला व्यापारी केवळ एका हेडिंगमुळे व्याजाच्या देण्यात सापडतो, याचा विचार व्हावा.

जास्त ड्युटी भरली असेल तरी गोष्ट सोपी नाही. आयटीसी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की स्वयं-आकारणी हाही आकारणीचा आदेशच आहे. तो अपिलात किंवा कायद्याच्या अन्य मार्गाने बदलून घेतल्याशिवाय परतावा मागता येत नाही. अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे.

न्यायालये काय म्हणतात

वूड क्राफ्ट प्रॉडक्ट्स प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्गवारीच्या वादात आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या स्पष्टीकरणांचा आधार घेणे सुरक्षित असल्याचे मानले. मुंबईतून गेलेल्या हिंदुस्थान फेरोडो प्रकरणात, माल अमुक हेडिंगमध्येच येतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी खात्यावर आहे, असे ठरले. आणि नॉर्दर्न प्लास्टिक प्रकरणात १९९८ मध्ये असे ठरले की मालाचे वर्णन खरे दिले असेल, तर सवलतीवर हक्क सांगणे ही आयातदाराची समजूत झाली. ती चुकीची निघाली तरी त्याला खोटे निवेदन म्हणता येत नाही.

या शेवटच्या निकालात आपल्यासाठी मोठा धडा आहे. हेडिंगबद्दल प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. वर्णन मात्र पूर्ण आणि खरे हवे. प्रेषितांनी (सल्ल.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले, तेव्हा ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी विचारणा त्यांनी केली. आपल्या बिल ऑफ एंट्रीलाही हाच नियम लावावा. कापडाच्या आतला थर कागदावर वर दिसला पाहिजे.

माल निघण्यापूर्वी काय करावे

पुरवठादाराकडून आधी एक नमुना आणि कापडाचा तुकडा मागवा. इनव्हॉइसवर एवढे लिहून घ्या : बाहेरचे कापड होजिअरीचे की मागावरचे, धागा कोणता व किती टक्के, थर कशाचा आणि कोणत्या बाजूस, थर दिलेला की पापुद्रा चिकटवलेला, पुरुषांचे की स्त्रियांचे. शंका असल्यास प्रभादेवी येथील टेक्स्टाइल्स कमिटीच्या प्रयोगशाळेत कापड तपासून घेता येते.

मोठी आणि वारंवार आयात करायची असेल, तर आगाऊ निर्णय मागावा. त्यासाठीचे कस्टमचे प्राधिकरण २०२१ पासून दिल्ली आणि मुंबई येथे काम करू लागले. मुंबईचे कार्यालय बॅलार्ड इस्टेटमधील न्यू कस्टम हाउसमध्ये, म्हणजे गिरगावातून हाकेच्या अंतरावर आहे. अर्जाची फी दहा हजार रुपये ठरवलेली आहे आणि निर्णयासाठी कायद्याने तीन महिन्यांची मुदत घातली आहे. दिलेला निर्णय अर्जदारावर आणि संबंधित कस्टम अधिकाऱ्यांवर बंधनकारक असतो.

माल बंदरात येऊन पडला आणि तरीही खात्री नसेल, तर अंदाजाने हेडिंग लावू नये. आकारणीआधी तपासणी मागता येते किंवा बंधपत्र देऊन तात्पुरती आकारणी करून घेता येते. चार दिवस जास्त लागतील, डेमरेजही थोडे पडेल. दोन वर्षांनी येणाऱ्या नोटिशीपुढे तो खर्च काहीच नाही.

एजंटाकडे जाताना जाकिटाचा नमुना सोबत न्या. अस्तर उलटून आतली बाजू त्याला दाखवा आणि कोणत्या टिपेच्या आधारे हेडिंग लावले ते त्याच्याकडून लिहून घ्या. तो कागद बिलासोबत पाच वर्षे जपून ठेवा.