३ + ४ * २ = १४ ?

३ + ४ * २ याचे उत्तर किती? (* ही गुणाकाराची खूण.) गणिताच्या तासाला ते ११ येते; कारण गुणाकार आधी करावयाचा असतो. परंतु 'स्मॉलटॉक' या संगणकभाषेत तेच उत्तर १४ येते. असे का?

ही भाषा १९७२ पासून अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगॉल्स, ॲडेल गोल्डबर्ग आदींनी घडविली. तिच्यात प्रत्येक गोष्ट, अगदी संख्यासुद्धा, एक 'वस्तू' असते. वाक्यरचना सोपी आहे : आधी वस्तू, मग तिला द्यावयाचा निरोप.

निरोपांचे प्रकार तीन. (मूळ शब्द रोमन लिपीत लिहितात.)
१) नुसता शब्द : ५ स्क्वेअर्ड, म्हणजे ५ चा वर्ग. उत्तर २५.
२) चिन्ह : ३ + ४. उत्तर ७.
३) शब्दापुढे दोन टिंबे : ७ मॅक्स: १२, म्हणजे दोहोंतील मोठी संख्या. उत्तर १२.

निरोप याच क्रमाने पाळले जातात; एकाच प्रकारचे असतील तर डावीकडून उजवीकडे. + आणि * ही दोन्ही चिन्हेच. म्हणून आधी ३ + ४ = ७, मग ७ * २ = १४.

येथे सावध राहावयास हवे. वाक्य नियमाप्रमाणे असल्याने संगणक तक्रार करीत नाही. आपल्याला नको असलेले उत्तर मुकाट्याने देतो. म्हणून कंस घाला : ३ + (४ * २) = ११.

आता २ + ३ स्क्वेअर्ड * २ हे सोडवून पाहा.

(उत्तर : २२)